सरासरी कोणती धरायची?

गंगेच्या पाण्याच्या वाटपासाठी भारत आणि बांगलादेश यांनी १९७७ मध्ये पाच वर्षांचा करार केला. त्या करारात २१ ते ३० एप्रिल या दहा दिवसांत फराक्क्याला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या बंधाऱ्यापाशी, ५५,००० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी येतं, असं धरलं होतं. १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांचा नवा करार झाला आणि त्याच दहा दिवसांसमोर आकडा आला ६०,९९२ क्युसेक. नदी तीच, बंधारा तोच, ऋतूही तोच. मधल्या काळात उन्हाळ्यातली गंगा वाढली, असं कोणीच म्हणत नाही. बदलली ती हिशेबाची रीत. पहिला तक्ता १९४८ ते १९७३ च्या नोंदींवरून ७५ टक्के विश्वासार्हतेने काढलेला होता, म्हणजे चारातली तीन वर्षं निदान एवढं पाणी येईल अशा बेताने. दुसऱ्या तक्त्यात १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांची साधी सरासरी घेतली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक नवा नाही. कृष्णेच्या खोऱ्यात बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेने २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरलं. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ६५ टक्क्यांवर २,२९३ आणि सरासरीवर २,५७८ टीएमसी काढलं. सरासरीचं पाणी साधारण एकाआड एका वर्षी कागदावरच राहतं, हे पाटबंधारे खात्यातला कुणीही सांगेल. त्यामुळे सरासरी धरायची की विश्वासार्हता, हा प्रश्न दिसायला गणिताचा असला तरी खरा प्रश्न वेगळाच असतो: तुटीच्या वर्षी तोटा कुणी सोसायचा? १९७७ च्या करारात त्याचं उत्तर लिहिलेलं होतं. प्रवाह कितीही घटला तरी बांगलादेशला तक्त्यातल्या वाट्याच्या निदान ८० टक्के पाणी मिळेल, अशी हमी त्यात होती. १९९६ मध्ये तक्त्यातला आकडा वर गेला आणि ही हमी निघाली. तिच्या जागी ११ मार्च ते १० मे या दोन महिन्यांत दोन्ही देशांना आळीपाळीने, दहा-दहा दिवसांच्या तीन-तीन पाळ्यांत, ३५,००० क्युसेकची हमी आली.

आकडा आणि कलम यांची ही अदलाबदल एकट्याने समजून घेईल असा माणूस आपल्या यंत्रणेत सहसा तयार होत नाही. ७५ टक्के आणि सरासरी यातला फरक जलशास्त्रज्ञ झोपेतही सांगेल. पण हमीचं कलम कुठे बसतं आणि ते निघालं की त्याच्या आकड्याला कोणता नवा अर्थ येतो, हे त्याला कुणी वाचायला लावलेलं नसतं. परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याला कलमं पाठ असतात. तक्ता मात्र ‘टेक्निकल लोकांकडून आलेला’ म्हणून तो उचलून जोडपत्रात डकवतो. दोघंही आपापल्या जागी हुशार असतात. घोटाळा होतो तो दोघांच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेचं शिक्षण दोघांना वेगवेगळं देता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की वैज्ञानिक आणि धोरण आखणारा अधिकारी यांना जोडीने, एकाच खऱ्या फाइलवर, आकडेमोड करायला लावून शिकवावं. आणि प्रशिक्षण संपल्यावर निदान काही काळ त्या जोडीला त्या फाइलवरून हलवू नये. सध्या चालतं ते बहुतेक प्रशिक्षण असं नसतं.

विज्ञान आणि परराष्ट्र धोरण यांची सांगड घालणारा सायन्स डिप्लोमसी हा शब्द सरकारी कागदांत रुळला तो २०१० नंतर. लंडनची रॉयल सोसायटी आणि अमेरिकेतली एएएएस या वैज्ञानिकांच्या संस्थांनी त्या वर्षी एक अहवाल काढून विषयाचे तीन भाग पाडले: परराष्ट्र धोरणाला विज्ञानाचा सल्ला, वैज्ञानिक सहकार्यासाठी राजनैतिक मदत, आणि बिघडलेले संबंध सावरण्यासाठी विज्ञानाचा उपयोग. अब्दुस सलाम यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये उभी राहिलेली ट्वास ही विकसनशील देशांची विज्ञान अकादमी आणि एएएएस मिळून २०१४ पासून इटलीतल्या त्रिएस्ते शहरात या विषयाचा छोटा अभ्यासक्रम घेतात. अलीकडे तिथे एकाच देशातला वैज्ञानिक आणि धोरणाच्या बाजूचा माणूस अशी जोडी बोलावण्याची पद्धत सुरू झाली आहे, आणि ती योग्य दिशा आहे. आपल्याकडे दिल्लीची आरआयएस ही संस्था इतर विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांसाठी असा अभ्यासक्रम चालवते. परराष्ट्र मंत्रालयात २०२० पासून नव्या तंत्रज्ञानासाठी ‘नेस्ट’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे.

तरी अडचण उरतेच. आठवडाभराच्या अभ्यासक्रमात पहिला दिवस त्या तीन भागांच्या व्याख्येत जातो, दुसरा ओझोनचा थर वाचवणाऱ्या कराराच्या यशोगाथेत, मग एखादा माजी राजदूत, एखादी प्रयोगशाळेची भेट, शेवटी गटचर्चा आणि प्रमाणपत्र. सर्वाधिक वेळ तिसऱ्या भागाला मिळतो, कारण तो ऐकायला सगळ्यांत गोड आहे. जॉर्डनमधल्या ‘सेसमी’ या सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) केंद्रात इस्रायल, इराण आणि पॅलेस्टाईन हे तिघंही सदस्य आहेत, हे उदाहरण हमखास येतं. केंद्र चांगलंच आहे. पण त्याच्यामुळे त्या तिघांच्या सरकारांमधलं काय निवळलं, हा प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. फराक्क्याला आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलापाशी दोन्ही देशांची पथकं दर उन्हाळ्यात एकत्र पाणी मोजतात. मोजणी एकत्र झाली म्हणून वाटपाचं भांडण मिटलेलं नाही. विज्ञान माणसांना जवळ आणतं, एवढ्या विश्वासावर प्रशिक्षण उभं करता येत नाही.

मग ते कशावर उभं करावं? बंगालच्या उपसागराच्या तळाचं उदाहरण मला यासाठी सगळ्यांत बोलकं वाटतं.

सागरी कायद्याच्या कराराचं कलम ७६ सांगतं की किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या पलीकडचा समुद्रतळ आपल्या खंडाचाच विस्तार आहे, हे देशाला भूविज्ञानाने सिद्ध करावं लागतं. मार्ग दोन. खंडउताराच्या, म्हणजे किनाऱ्याजवळचा उथळ तळ खोल समुद्राकडे उतरतो त्या भागाच्या, पायथ्यापासून ६० सागरी मैल मोजायचे. किंवा गाळाच्या खडकाची जाडी त्या पायथ्यापासूनच्या अंतराच्या निदान एक टक्का भरते तिथपर्यंत जायचं. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांना हे सूत्र बसतं. बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात बसत नाही. तिथे खंडउताराचा पायथा किनाऱ्याच्या अगदी जवळ आहे आणि त्यापुढे गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेला गाळ प्रचंड जाडीने फार दूरवर पसरला आहे. सूत्र जसंच्या तसं लावलं तर निम्म्याहून अधिक भाग हद्दीबाहेर राहतो. श्रीलंकेच्या शिष्टमंडळाने हे ओळखलं आणि हा करार घडवणाऱ्या परिषदेच्या २९ ऑगस्ट १९८० च्या एका निवेदनात स्वतंत्र अपवाद मिळवला. २०० मीटर खोलीची रेषा किनाऱ्यापासून सरासरी २० सागरी मैलांच्या आत असेल, गाळाचा मोठा वाटा उताराच्या पुढच्या सखल भागाखाली असेल, नेहमीच्या सूत्राने येणाऱ्या बाहेरच्या रेषेवरही गाळाची सरासरी जाडी ३.५ किलोमीटरहून कमी नसेल आणि निम्म्याहून अधिक भाग वगळला जात असेल, तर गाळ निदान एक किलोमीटर जाड आहे तिथपर्यंत हद्द नेता येईल. ही सवलत शेजारी देशालाही मिळाली, आणि तो शेजारी म्हणजे आपण.

या अटी नीट पाहाव्यात. ३.५ किलोमीटर हा आकडा वकिलाला सुचणारा नाही. ‘अन्याय होतो म्हणून अपवाद’ ही मांडणी भूवैज्ञानिकाला सुचणारी नाही. आकडा असा निवडला आहे की तो त्या उपसागराला लागू पडावा आणि बाकीच्या जगाला घाबरण्याचं कारण उरू नये. पुढे भारताच्या बाजूच्या सर्वेक्षणाचं काम गोव्यात वास्कोला असलेल्या, आज राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने सांभाळलं. भारताचा दावा ११ मे २००९ रोजी दाखल झाला. मुदत १३ मेची होती. त्या १९८० च्या निवेदनाखाली वेगळा दावा करण्याचा हक्कही त्यात राखून ठेवला गेला.

हे कुठल्या अभ्यासक्रमातून घडलं नाही, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. तिसरी सागरी कायदा परिषद १९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षं चालली. तेच भूवैज्ञानिक, तेच वकील, तेच मुत्सद्दी वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसले आणि एकमेकांची भाषा शिकले. ती परिषद हीच त्यांची शाळा होती. आता अशी नऊ वर्षं कुणाच्याच हाती नसतात आणि शिष्टमंडळातले चेहरे दर दोन बैठकांनी बदलतात. तेव्हा आपोआप होणारं शिक्षण आज मुद्दाम घडवावं लागेल.

ते कसं घडवायचं, हे गंगेच्या करारावरच दाखवता येतं. त्याची मुदत डिसेंबर २०२६ ची आहे, आणि मुदतवाढ होवो, नवा करार होवो किंवा काहीच न होवो, हा दस्तऐवज शिकवायला उत्तम राहील. बारा कलमं आणि दोन जोडपत्रं, अर्ध्या तासात वाचून होतात.

बारा जोड्या, म्हणजे चोवीस माणसं. यापेक्षा जास्त घेतली की तालीम संपते आणि संमेलन सुरू होतं. निवासी भागाच्या आधी सहा आठवडे, आठवड्याला तीन तास, आपापल्या कार्यालयातूनच गृहपाठ. यात अधिकाऱ्याने गणित करायचं आणि वैज्ञानिकाने कलम वाचायचं. उलट करू द्यायचं नाही. अधिकाऱ्याला कराराचं सूत्र दिलेलं आहे: फराक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं, ७०,००० ते ७५,००० असेल तर ३५,००० बांगलादेशला आणि उरलेलं भारताला, ७५,००० किंवा जास्त असेल तर ४०,००० भारताला आणि उरलेलं बांगलादेशला. त्यावर आळीपाळीची हमी. त्याने स्वतः एक्सेल उघडून तक्ता भरायचा. ११ ते २० एप्रिलला सरासरी ६२,६३३. पाळी भारताची, म्हणून भारताला ३५,००० आणि बांगलादेशला २७,६३३. पुढच्या दहा दिवसांत ६०,९९२. पाळी बांगलादेशची, त्यांना ३५,००० आणि भारताला २५,९९२. तक्ता भरता भरता प्रश्न पडतो की हे ४०,००० आले कुठून. ते आले फराक्क्याहून निघणाऱ्या ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्याच्या क्षमतेवरून. हुगळीतला गाळ ढकलून कोलकाता बंदर वाचवण्यासाठी तो कालवा खोदला. म्हणजे सूत्रातला हा आकडा नदीने दिलेला नाही, कालव्याने दिला आहे. हे ज्याला कळलं तो वाटाघाटीत वेगळे प्रश्न विचारतो.

मग त्याला एक वाईट वर्ष द्यायचं. समजा, एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत ४८,००० क्युसेकच आले. हमीप्रमाणे बांगलादेशचे ३५,००० काढले तर भारताला १३,००० उरतात. पण करारात दुसरीकडे लिहिलं आहे की प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर दोन्ही सरकारं तातडीने सल्लामसलत करून समन्यायाने तडजोड करतील. यातलं आधी काय लागू होतं? सल्लामसलत चालू असेपर्यंत दरवाजे किती उघडायचे? जोडीने मिळून यावर एक परिच्छेद लिहायचा, आणि तो समोरचा देश कसा वाचेल यावर दुसरा.

वैज्ञानिकाचा गृहपाठ याहून अवघड आहे. फराक्क्याचा प्रवाह चाळीस वर्षांच्या सरासरीइतका राहावा म्हणून वरच्या देशाने सर्व प्रयत्न करावेत, असं एक उपकलम आहे. प्रयत्न झाले की नाही, हे कोणत्या मोजमापावरून ठरवणार? उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये फराक्क्याच्या वर किती पाणी उचललं जातं, पावसाची घट किती, भूजल उपशाने नदीला मिळणारा पाझर किती आटला, हे वेगळं करायला कोणती आकडेवारी लागेल? बहुतेक वैज्ञानिक इथे वीस पानं लिहितात. मर्यादा दोनशे शब्दांची ठेवावी आणि एकच मोजता येणारी खूण सुचवायला लावावी. आपल्या शास्त्रात जे स्पष्ट आहे ते कलमात मोजता न येणाऱ्या रूपात का लिहिलं गेलं, हे त्याला त्या दोनशे शब्दांत कळतं. कधी कधी ते मुद्दाम तसं लिहिलेलं असतं, हेही कळतं.

निवासी भाग सहा दिवसांचा. त्यातले दोन दिवस नदीवर, शक्यतो फराक्क्यालाच. परवानगी मिळाली नाही तर केंद्रीय जल आयोगाच्या एखाद्या मोजणी केंद्रावर. अधिकाऱ्याने होडीत बसून पाहावं की क्युसेक तयार कसा होतो: नदीच्या रुंदीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पाण्याच्या खोलीच्या ०.६ पटीवर, खोल असेल तर ०.२ आणि ०.८ पटीवर, वेगमापक सोडायचा, वेगाला क्षेत्रफळाने गुणायचं, बेरीज करायची. रोज हे शक्य नसतं म्हणून पातळी आणि प्रवाह यांचा आलेख बांधतात. गाळाने तळ हलला की आलेख चुकतो आणि नव्याने बांधावा लागतो. पाच टक्के चूक धरली तर ६०,००० वर ती ३,००० क्युसेक होते, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या भारताच्या वाट्याच्या साधारण साडेअकरा टक्के. हे होडीत एकदा पाहिलेला अधिकारी पुढे बैठकीत ५०० क्युसेकसाठी रात्र जागवत नाही, आणि ५,००० सहज सोडूनही देत नाही.

उरलेल्या दिवसांत वाटाघाट. चौकटी कंसांनी भरलेला मसुदा द्यायचा, कारण खऱ्या बैठकीत मान्य न झालेला प्रत्येक तुकडा कंसात असतो आणि काम म्हणजे ते कंस एकेक करून काढणं. सहा जोड्या एक देश, सहा जोड्या दुसरा. पहिल्या फेरीत नेहमीच्या भूमिका. दुसऱ्या फेरीत वैज्ञानिक शिष्टमंडळाचा प्रमुख आणि अधिकारी तांत्रिक सल्लागार. दुसऱ्या दिवशी दुपारी नवी आकडेमालिका टेबलावर टाकायची, अलीकडच्या वर्षांची, सरासरी खाली आणणारी, आणि पाऊण तास द्यायचा. या पाऊण तासात जे होतं तोच या प्रशिक्षणाचा गाभा. वैज्ञानिक म्हणतो, मालिका छोटी आहे, निष्कर्ष काढू नका. अधिकारी म्हणतो, समोरच्याकडेही हीच आहे आणि ते काढणार. दोघांना मिळून एक पान लिहायचं असतं: सर्वांत संभाव्य आकडा, त्याची कमाल-किमान मर्यादा, त्यावर कोणता निर्णय अवलंबून आहे, आणि काय समोर आलं तर हे मत बदलेल. ते पान नीट जमलं नाही तर बाकीचे पाच दिवस गेले असं समजायला हरकत नाही.

गंगा सोडून इतर विषयांवरही हीच पद्धत चालते, पण प्रत्येक फाइलमध्ये आकडा वेगळ्या जागी लपलेला असतो. शीतकरणाच्या वायूंबद्दलच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत तो पायारेषेत आहे, म्हणजे कपात जिच्यापासून मोजायची त्या पातळीत. भारताची पायारेषा २०२४ ते २०२६ या वर्षांतल्या एचएफसी या शीतकरण वायूंच्या वापराच्या सरासरीत, त्यांच्या आधीच्या एचसीएफसी वायूंच्या पायारेषेचे ६५ टक्के मिळवून ठरते. २०२८ ला गोठवणी, मग २०३२ ला १० टक्के आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात. शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या किती पट, अशी मोजलेली प्रत्येक वायूची तापवण्याची क्षमता करारात गोठवलेली आहे. एचएफसी-१३४ए साठी १,४३०, मग नंतरच्या वैज्ञानिक अहवालांनी तो आकडा कितीही हलवो. विज्ञान सुधारत जातं आणि करार थांबून राहतो. हे वैज्ञानिकाला खटकतं आणि अधिकाऱ्याला हवंच असतं. दोघांनी हा वाद वर्गात घालून घेतलेला बरा.

समुद्रतळावरच्या खनिज गोळ्यांचा सराव तर गोव्यातच घ्यावा. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सर्वेक्षणांच्या जोरावर भारताला १९८७ मध्ये मध्य हिंद महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालं आणि पुढे त्यातलं निम्मं, ७५,००० चौरस किलोमीटर, राखता आलं. अर्ज करणाऱ्याने क्षेत्राचे सारख्या किमतीचे दोन भाग पाडायचे आणि त्यातला एक आंतरराष्ट्रीय प्राधिकरणासाठी सुटतो, अशी तिथली रीत. शेताच्या वाटण्या करणारा भाऊ हिस्सा शेवटी उचलतो, तसाच हा न्याय. आता सारखी किंमत म्हणजे काय? गोळ्यांची घनता, त्यातलं निकेल-तांबं-कोबाल्टचं प्रमाण, तळाचा उतार, का तिन्ही? एका भूवैज्ञानिकाने आणि एका वकिलाने मिळून ही वाटणी करून पाहावी; अर्ध्या दिवसाचा सराव आहे.

हे सगळं बिघडतं कुठे, हेही आधीच ठाऊक असलेलं बरं. पहिलं बिघडतं नामनिर्देशनात. पत्र येतं, खातं मोकळ्या माणसाला पाठवतं, आणि ज्याच्या टेबलावर फाइल आहे तो कामात असतो. उपाय सोपा आणि कडू आहे: निवड व्यक्तीची न करता फाइलची करावी. अर्जात चालू विषयाचं नाव हवं, आणि त्या विषयावर काम करणाऱ्या दोघांची नावं एकत्र हवीत. एक आला नाही तर दुसऱ्यालाही प्रवेश नाही.

दुसरं हुद्द्याचं. सहसचिव आणि तिशीतला वैज्ञानिक अशी जोडी बसवली की वैज्ञानिक सहा दिवस ‘येस सर’ म्हणतो. दोघं वेतनश्रेणीने जवळचे असावेत. उपसचिव किंवा संचालक आणि त्याच पातळीचा शास्त्रज्ञ. वरिष्ठांना बोलवायचंच तर शेवटच्या दुपारी, निकाल ऐकायला. मोठ्या माणसांची भाषणं हा या अभ्यासक्रमांना जडलेला जुनाट आजार आहे. एका उद्घाटनात अर्धा दिवस जातो, आणि तो नेमका नदीवरच्या वेळातून कापला जातो.

तिसरं, मूल्यमापन. ‘कार्यक्रम कसा वाटला’ हा फॉर्म सगळेच चांगला भरतात. खरी परीक्षा सहा महिन्यांनी: जोडीने आपल्या खऱ्या फाइलवर एक टिपण सादर केलं का, ते कुणी वाचलं का, त्यातला आकडा मसुद्यात गेला का. या सहा महिन्यांत तीनदा भेट, प्रत्येक वेळी अर्धा दिवस, एवढी सोय पुरे. पण इथेच बदल्या आडव्या येतात. परराष्ट्र सेवेतला अधिकारी साधारण तीन वर्षांनी हलतो आणि त्याच्याबरोबर शिक्षणही जातं. म्हणून नेमणुकीला दीड वर्ष तरी शिल्लक असल्याशिवाय त्याला घेऊ नये. वैज्ञानिकाची अडचण वेगळी. त्याच्या बढतीच्या तक्त्यात शोधनिबंधाला रकाना असतो, सरकारला दिलेल्या गोपनीय टिपणाला नसतो. तो रकाना आल्याशिवाय चांगले तरुण वैज्ञानिक इकडे वळतील, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. वैज्ञानिकाला वाटाघाटीचं शिक्षण दिलं की तो सरकारचा वकील होतो. आकडा सोयीने वाकवायला शिकतो. भीती खोटी नाही. पण ती रेषा कुठे आहे हे न शिकवल्याने तो सुरक्षित राहत नाही, उलट पहिल्याच दबावात गोंधळतो. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या कार्यपद्धतीत ही रेषा आखलेली आहे. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारं ओळीओळीने मंजूर करतात. मूळ अहवाल वैज्ञानिकांचा राहतो. २०१४ मध्ये बर्लिनला तिसऱ्या कार्यगटाच्या सारांशातून देशांच्या उत्पन्नगटांनुसार उत्सर्जन दाखवणाऱ्या आकृत्या सरकारांनी काढायला लावल्या. मूळ अहवालात ती माहिती राहिली. हा प्रसंग वर्गात बाजू वाटून घेऊन चालवावा. काय वगळता येतं आणि काय बदलता येत नाही, यातला फरक त्यातून जितका पक्का होतो तितका आचारसंहितेच्या व्याख्यानाने होत नाही. माझ्या मते नियम असा असावा: कोणता आकडा आज टेबलावर ठेवायचा, हे अधिकारी ठरवेल, आकडा किती, हे फक्त वैज्ञानिक, आणि दोघांच्या टिपणावर दोघांच्याही सह्या.

उलट बाजूचा धोका कमी बोलला जातो. वाटाघाट शिकलेला अधिकारी अनिश्चिततेचा शस्त्रासारखा वापर करायला शिकतो. समोरच्याचा आकडा आला की ‘चुकीची मर्यादा किती?’ आणि आपला आला की गप्प. भूमिका बदलून केलेल्या दुसऱ्या फेरीत ही सवय लगेच उघडी पडते, म्हणून ती फेरी वेळेअभावी गाळू नये. सगळ्यांत आधी गाळली जाते ती हीच.

आता दोन अटी, ज्यांच्याशिवाय गंगेवरचा वर्ग भरवूच नये. पहिली आकडेवारीची. २०१८ च्या जल-हवामान माहिती धोरणाप्रमाणे गंगा-ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांची प्रवाहाची माहिती गोपनीय वर्गात मोडते. परिणामी आपल्याच विद्यापीठातला जलशास्त्रज्ञ या नद्यांवर काम करताना परवानगीच्या रांगेत उभा राहतो, आणि प्रशिक्षणात बनावट आकडे वापरले जातात. बनावट आकड्यांवर बनावट शिक्षण होतं, कारण खऱ्या मालिकेतले खड्डे, गहाळ महिने आणि संशयास्पद उड्या त्यात नसतात. सगळी माहिती खुली करा, हा वाद वेगळा आणि लांबचा आहे. इथे प्रशिक्षणार्थींकडून गोपनीयतेचं हमीपत्र घेऊन जल आयोगाच्या आवारातच, संगणकावरून काही बाहेर न जाऊ देता, खरी मालिका दाखवता येईल. कायदा बदलावा लागत नाही. सचिवाची सही लागते.

दुसरी अट राज्याची. सप्टेंबर २०११ मध्ये तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा मसुदा तयार होता, पंतप्रधान ढाक्याला जाणार होते, आणि पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी अंग काढून घेतल्यावर करार झाला नाही. राज्यघटनेत पाणी राज्यसूचीत आहे आणि आंतरराष्ट्रीय करार केंद्राचा अधिकार. दोन्ही खरं, आणि दोन्हींच्या मधे कालव्याचे दरवाजे आहेत. तेव्हा बारांपैकी निदान चार जोड्यांत वैज्ञानिकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या जागी राज्याच्या पाटबंधारे खात्याचा अभियंता हवा: बंगालचा, बिहारचा, उत्तर प्रदेशचा. त्याचा प्रवास, राहणं आणि त्या सहा दिवसांसाठी त्याच्या जागी नेमलेल्या माणसाचा खर्च केंद्राने उचलावा. नाहीतर राज्य पत्राला उत्तरच देत नाही, आणि वाटाघाटीच्या सरावात बंगालची भूमिका पुन्हा दिल्लीतलाच कुणी उपसचिव करतो.